बरोबरची खूण

जपानच्या शाळेत इंग्रजी शिकवायला गेले आणि पहिल्याच आठवड्यात अख्खा वर्ग चुकीचा ठरवला. मनात तसं काही नव्हतं. पुण्यात वर्षानुवर्षं केली तशी लाल पेनाने बरोबरची खूण ठसठशीत करत गेले. वह्या परत दिल्या, तर एकही चूक नसलेली मुलगी रडवेली! तिकडे ती खूण चुकीला, बरोबरला गोल. म्हणजे आपला भोपळाच की. मग स्टाफरूममध्ये बसून ३५ वह्यांत भोपळे काढले. मुलं खूश.

बाकी इंग्रजी माझ्या आधीच तिथे पोचलं होतं, फक्त नाव बदलून राहत होतं. प्लग लावायची जागा ‘कोन्सेन्तो’, साधा फ्लॅट ‘मान्शोन’ आणि बुफे ‘बाइकिंगु’, म्हणजे व्हायकिंग! १९५८ साली टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलने आपल्या बुफेला ते नाव दिलं, ते चिकटलंच.

‘हे इंग्रजी नव्हे,’ असं वर्गात तोऱ्यात सांगितलं. रात्री आईला फोन लावला आणि विचारलं, ‘‘काय गं, कोपऱ्यावरच्या हॉटेलात मिसळ अजून मिळते ना?’’