गडावर गारठावे कसे? नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

डिसेंबर मध्यावर आला की निफाडचा पारा बातम्यांत झळकतो आणि महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याचे फोटो फिरू लागतात. मग ज्या ग्रुपवर एरवी वाढदिवसाच्या केकपलीकडे काही घडत नाही, तिथे कुणीतरी लिहितो, "चला रे, तंबू टाकू या." पाठोपाठ अंगठ्यांची रांग लागते. तुमच्या ग्रुपवर हे वाक्य येऊन गेलं असेल, तर पुढची माहिती तुमच्यासाठी आहे. कुडकुडायला मनालीच गाठावी लागते हा गैरसमज आहे. पुण्या-मुंबईहून एका दिवसात पोहोचता येईल अशा अंतरावर सह्याद्रीनं ही सोय करून ठेवली आहे.

उदाहरणादाखल हरिश्चंद्रगड घेऊ. तालुका अकोले, उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर. हजार मीटर वर चढलं की हवेचा पारा साधारण साडेसहा अंशांनी उतरतो, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं आणि परीक्षेनंतर कुणालाही त्याची गरज पडलेली नसते. पाचनईकडून वर जायची वाट सोपी, दोन-अडीच तासांची. म्हणून गडाला कुणी फारसं मनावर घेत नाही. फजितीच्या दृष्टीनं ही मोठी जमेची बाजू आहे. नळीच्या वाटेनं चढणारी माणसं दोर, डोकं आणि जाणता माणूस बरोबर घेऊन जातात. त्यांची फजिती करणं अवघड असतं.

तारीख आणि सामान

तारीख हवामान बघून ठरवू नये. ती सगळ्यांच्या रजा, एकाचं साडू-मंडळींकडचं लग्न आणि दुसऱ्याच्या मुलाची परीक्षा बघून ठरवावी. एकदा ती ठरली की अरबी समुद्रात काहीही शिजत असो, ती हलवू नये. एखाद्यानं वेधशाळेचा अंदाज टाकलाच, तर "डिसेंबरात कुठला आलाय पाऊस" एवढं उत्तर पुरतं. डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत अवकाळी पाऊस आणि बोचरा वारा एकत्र आले, तेव्हा पुणे आणि नगर जिल्ह्यांत मेंढपाळांच्या हजारांवर मेंढ्या दगावल्या. मेंढीच्या अंगावर लोकर असते. तुमच्या अंगावर कॉलेजच्या गॅदरिंगचा टी-शर्ट असणार आहे.

सामानाची यादी करावी, पण कोणी काय आणायचं ते त्यात लिहू नये. "काडेपेटी कुणीतरी आणेलच" हे या सगळ्या सहलीचं मुख्य सूत्र आहे. ते नीट पाळलं तर गडावर तीन ब्लूटूथ स्पीकर, दोन पत्त्यांचे कॅट, एक गिटार आणि एकही काडेपेटी नाही, असा संच आपोआप जमतो. मीठ नसतं. टॉर्च असतो, पण त्याचे सेल घरच्या रिमोटमध्ये असतात.

तंबू भाड्यानं आणावा आणि घरी उघडून बघू नये. आतल्या लवचीक दांड्यांपैकी एक मोडलेली आहे आणि खुंट्या बारांऐवजी सात आहेत, हा शोध अंधारात लागण्यातच मजा आहे. स्लीपिंग बॅगवर दोन तापमानं छापलेली असतात: एक, ज्यात माणूस सुखानं झोपतो, दुसरं, ज्यात तो जेमतेम रात्र काढतो. भाड्यानं देणारा दुसरं वाचून दाखवतो. तुम्ही मान डोलवावी. खाली अंथरायची मॅट मात्र कटाक्षानं घरी ठेवावी, कारण ती सॅकला बाहेरून बांधावी लागते आणि फोटोत बरी दिसत नाही.

कपडे सुतीच घ्यावेत. जीन्स तर हवीच. सूत घाम पितं, धरून ठेवतं आणि वाळायचं नाव काढत नाही, म्हणून ते उन्हाळ्यात सुखाचं आणि हिवाळ्यात घाताचं. मोज्यांचा जादा जोड, कानटोपी, कोरडा बनियन या गोष्टी आई आठवणीनं सॅकमध्ये घालते. त्या काढून टाकून जागा करावी आणि तिथे ड्रोन ठेवावा.

चढ

पहाटे पाचला निघायचं ठरवून दहाला निघावं. आळेफाट्याच्या आसपास मिसळ खावी, तर्री दोनदा मागावी. पुढे ब्राह्मणवाडा, कोतूळ करत पाचनईला पोहोचेपर्यंत ऊन उतरणीला लागलेलं असतं. या दिवसांत सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणून साडेतीनला चढायला लागावं आणि अंधार होईल म्हणून धापा टाकत चढावं. अंगातून पाणी वाहिलं पाहिजे. माथ्यावर पोहोचता पोहोचता ऊन जातं, वारा सुटतो आणि घामानं भिजलेला टी-शर्ट पाठीला चिकटून गार पडतो. रात्रीची थंडी खरं म्हणजे इथेच अंगात शिरते. त्या वेळी कपडे बदलले तर निम्मी सहल सुखात जाईल, पण तोवर सगळे कोकणकड्यावर सूर्यास्ताचे फोटो काढायला धावलेले असतात, आणि तेही बरोबरच आहे. तसा सूर्यास्त दुसरीकडे नाही.

चढायच्या आधी पाचनईत एक बाई अंगणात उभ्या असतात असं समजा. त्या विचारतात, "रातीला ऱ्हाणार का पोरांनो? वर लय गारठा हाय. घोंगड्या हायत का?" यावर हसून "आहे सगळं, मावशी" म्हणायचं.

तंबू आणि चूल

तंबू कुठे टाकायला परवानगी आहे हे वनखात्याच्या माणसाला विचारून घ्यावं लागतं. हा सगळा भाग अभयारण्यात येतो. पण आपण फजितीचा अभ्यास करतोय, म्हणून जागा निवडताना एकच कसोटी लावावी: फोटो. म्हणजे उघडं पठार, कड्याच्या दिशेला तोंड, वाऱ्याला आडोसा नाही. वारा उष्णता पळवतो, हे पुस्तकात वाचलेलं असतं. इथे तो तंबूही पळवतो.

खुंटी ठोकायला घ्यावी. पहिल्या ठोक्याला ती दोन बोटं आत जाते आणि आपण हुशारलेले असतो. दुसऱ्या ठोक्याला टण्ण असा आवाज येतो. खाली बेसॉल्टचा कातळ आहे, त्याच्यावर मातीचा पातळ थर आहे आणि खुंटीचा आता हूक झालेला आहे. सरळ करून पुन्हा ठोकली की तिचा दुसऱ्या बाजूला हूक होतो. गडावर राहणारी मंडळी अशा जागी दोरीला दगड बांधतात, पण त्यासाठी त्यांना विचारावं लागतं आणि तुमच्यातल्या एकानं व्हिडिओ पाहिलेला असतो. व्हिडिओ पाहिलेला मित्र हा अशा सहलीचा कणा आहे. त्याला कुणी मदत करू नये, फक्त मागे उभं राहून "उलटं लावलंयस" म्हणत राहावं.

मग स्वयंपाक. चुलीवरचं चिकन हे आधीच ठरलेलं असतं, मसाला लावून डब्यात आणलेलं असतं. पहिला प्रश्न असा की गडावरच्या देवळाच्या आवारात हे चालणार नाही, म्हणून सगळा पसारा उचलून लांब न्यावा लागतो. दुसरा प्रश्न जाळाचा. काडेपेटी नाही, लायटर आहे, पण तो सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात गारठलेला आहे. लायटरमधला ब्युटेन शून्याच्या जरा खालीच उकळतो, म्हणून थंडीत त्याची वाफ पुरेशी होत नाही आणि नुसती ठिणगी उडते. मुठीत धरून किंवा खिशात ठेवून दहा मिनिटं ऊब दिली तर तो पेटतो. हे कुणाला सांगू नये. त्याऐवजी पाच जणांनी आळीपाळीनं अंगठा सोलेपर्यंत चाक फिरवावं.

शेवटी कोळसा धुमसतो. धूर नेमका ज्याच्या घरचं चिकन आहे त्याच्या डोळ्यांत जातो. वरून काळं आणि आतून कच्चं अशा अवस्थेत ते साडेदहाला ताटात येतं. या सगळ्या वेळात हाकेच्या अंतरावरच्या झोपडीत पिठलं-भाकरी, ठेचा आणि गरम भात मिळत होता. साडेआठपर्यंत तिथे चूल चालू होती. आता झोपडीवाले दादा झोपलेत.

रात्र

आकाश निरभ्र असेल तर आनंदानं ओरडावं. तेरा-चौदा डिसेंबरच्या सुमाराला गेलात तर मिथुन राशीच्या बाजूनं जेमिनिड्सच्या उल्का सुटताना दिसतात, आणि शहरात ज्याचं नावही घेतलं जात नाही ते मृग नक्षत्र इथे डोक्यावर येतं. ढग नाहीत म्हणून तारे दिसतात आणि ढग नाहीत म्हणूनच जमिनीची दिवसभराची ऊब सरळ वर निघून जाते. ज्या रात्री आकाश सुंदर, त्या रात्री गारठा कडक. दोन्ही एकाच कारणानं होतं, तेव्हा तक्रार करायला जागा नाही.

झोपताना अंगावर सगळं घ्यावं आणि खाली काही घालू नये. नवशिक्याला वाटतं थंडी वरून येते. कातळ रात्रभर पाठीतली ऊब ओढत राहतो आणि स्लीपिंग बॅगचा जो भाग खाली दबला त्यातल्या भरावाचा काही उपयोग होत नाही. मॅट सॅकला बांधली असती तर. तंबूच्या चेन सगळ्या बंद कराव्यात, हवेची जाळीसुद्धा. चौघांचा श्वास मग बाहेर न जाता छताला लागतो, तिथे गार होऊन थेंब धरतो आणि तीनच्या सुमाराला कपाळावर पडतो. "पाऊस आला" म्हणून एक जण उठतो. सगळ्यात कडेला झोपलेल्याला एक नंबरला जायचं असतं आणि तो ते सकाळपर्यंत पुढे ढकलायचं ठरवतो. हा निर्णय तो रात्रीतून पुन्हा पुन्हा घेतो.

"दोन घोट घे, गरम वाटेल" असं सांगणारा कुणीतरी असतोच. गरम वाटतं हे खरं, कारण दारूनं त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतली ऊब बाहेर येते. बाहेर आली म्हणजे गेली.

इथे थट्टा बाजूला ठेवतो, कारण पुढची गोष्ट फजितीची नाही. पेटलेले निखारे, शेगडी किंवा गॅसचा बर्नर उबेसाठी तंबूत घेऊ नका. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, रंग नसतो आणि माणसाला झोपेतच गाठतो. सकाळी उठत नाहीत माणसं. दुसरं, मित्र थरथरत असेल तोवर त्याचं शरीर लढतंय. थरथर थांबली, तो अडखळत बोलू लागला, "मला काही होत नाही, झोपू दे" म्हणू लागला, तर ते लक्षण वाईट. अंगातलं तापमान पस्तीस अंशांच्याही बरंच खाली उतरतं तेव्हा असं होतं. ओले कपडे काढा, कोरडं पांघरूण गुंडाळा, खाली जाडसर अंथरा, शुद्धीत असेल तर गरम गोड चहा पाजा, झोपडीतल्या माणसांना उठवा आणि डॉक्टरकडे न्यायची तयारी लगेच सुरू करा. लाजू नका. ती माणसं उठतात.

उजाडल्यावर

सगळ्यात जास्त थंडी मध्यरात्री पडते असं समजून तीनला "आता उतरेल" म्हणून एकमेकांना धीर द्यावा. पारा तळाला जातो तो सूर्योदयाच्या आसपास. नेमक्या त्याच वेळी एकानं सगळ्यांना उठवून सूर्योदय बघायला कोकणकड्यावर न्यावं. कडा पश्चिमेला तोंड करून उभा आहे. सूर्य पाठीमागून, सवडीनं येतो. तोवर समोर कोकण धुक्यात बुडालेलं असतं आणि वीस मिनिटं दात वाजवत उभे राहिलेले लोक व्हिडिओ पाहिलेल्या मित्राकडे बघत असतात. थंडीनं फोनची बॅटरीही बसलेली असते, त्यामुळे या प्रसंगाचा पुरावा उरत नाही.

पराक्रमाची हौस राहिली असेल तर केदारेश्वराची गुहा आहे. चार खांबांपैकी आता एकच शाबूत आहे, मधोमध मोठं शिवलिंग आणि भोवती कमरेएवढं पाणी, भर उन्हाळ्यातही हाडात जाणारं. ग्रुपमधला एक जण प्रदक्षिणा घालतोच. त्याचा पहिला पाय पाण्यात पडल्यावर तोंडातून जो शब्द निघतो तो देवासमोर काढण्यासारखा नसतो. टॉवेल कुणीतरी आणलेला असेल, असं त्याला वाटत असतं.

मग उतरायचं. प्लास्टिक, बाटल्या, जळकं चिकन सॅकमध्ये भरून खाली आणायचं. गडावरच्या झोपड्यांतली माणसं तुमच्या मागे झाडू घेऊन फिरायला बांधलेली नाहीत. पाचनईत मावशींच्या ओट्यावर बसलात की चहा येतो, न मागता दुसरा येतो, आणि नाचणीच्या भाकरीवर गरम पिठलं पडतं. "घोंगड्या न्यायच्या व्हत्या," एवढंच त्या म्हणतात. खाऊन झाल्यावर हिशेब विचारा आणि सांगतील तेवढे, वर थोडे जास्त द्या. फोन चालेल, रेंज असेल या भरवशावर राहू नका. सुटे पैसे घरूनच घेऊन निघा, आणि ते कुणीतरी आणेल असं समजू नका.