पुठ्ठ्यावरची कुंडली

कोल्हापुरात उद्यमनगरात शिरलं की लेथची घरघर आणि ओतकामाचा वास यांच्या मधोमध कुठंतरी मिस्त्रींचं गॅरेज लागतं. गॅरेजवर पाटी आहे, पण तिच्यावर मिस्त्रींचं नाव नाही. उन्हापावसात गॅरेजचं नाव धुऊन गेलं आणि खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात पेंटरनं टाकलेली स्वतःची सही तेवढी शाबूत राहिली. नवं गिऱ्हाईक येतं आणि त्या पेंटरच्या नावानं हाक मारतं. मिस्त्री 'ओ' देतात. "हाक कुणाच्या का नावानं मारंना, गाडी माझ्याकडंच आली न्हवं?"

मी गेलो तो मात्र 'मिस्त्री' अशीच हाक मारत, आणि जरा रडकुंडीलाच येऊन. माझी १९८८ सालची बुलेट वडिलांकडून माझ्याकडे आली. गाडीबरोबर एक रिकामा टूलबॉक्स आणि भरपूर उपदेशही आला. वर्षभर सगळं ठीक होतं. मग एका सकाळी पोर्चमधल्या शहाबादी फरशीवर रुपयाएवढा काळा डाग दिसला. आठवड्यात त्याची पुरणपोळी झाली. आईनं आधी त्याच्यावर वर्तमानपत्र टाकलं, मग पायपुसणं, मग माझा एक जुना शर्ट. शर्ट तितकासा जुना नव्हता.

ज्याला त्याला विचारलं, त्यानं एकच सांगितलं, "बुलेट आहे, गळणारच." १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया निघाली, तेव्हापासून हे वाक्य देशात फिरत असावं. लोक ते अशा सुरात म्हणतात की जणू गळणं हा तिचा कुळाचार आहे आणि तो मोडला तर घरावर संकट येईल. ओळखीच्या एका मेकॅनिकनं मात्र उपाय केले. पहिल्यांदा डावीकडच्या चेनकेसचा नट आवळला. दुसऱ्यांदा पॅकिंग बदललं. तिसऱ्यांदा सगळ्या सांध्यांवरून सिलिकॉन फासलं, म्हणजे लहान मूल बासुंदी खाऊन उठलं की दिसतं तसं इंजिन दिसायला लागलं. तीन इलाज झाले, तीन बिलं झाली. थेंब होता तेवढाच राहिला.

मिस्त्रींनी गाडीला हात लावला नाही. स्टुलावर बसूनच, दहा फुटांवरून, त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि मला विचारलं, "उभी असताना गळती, का चालताना?"

मी म्हणालो, "गळते."

"मास्तर, पेशंट खोकतोय म्हटल्यावर डाक्टर इचारतो न्हवं, रात्री का दिवसा? साइड स्टँडवर लावता का डबल स्टँडवर? थेंब सकाळी असतोय का ऑफिसातनं आल्यावर? उजवीकडं का डावीकडं? रोज चालवता का रविवारच्या रविवार?"

मी कॉलेजात शिकवतो. तोंडी परीक्षेत गप्प बसणाऱ्या मुलांबद्दल त्या दिवशी मला पहिल्यांदा सहानुभूती वाटली.

मिस्त्रींच्या जातीचा माणूस हल्ली कमी झाला आहे. बाकी सगळे हातात पाना घेऊनच जन्माला आलेले असतात. गाडी आली की आधी इंजिन उघडायचं, मग विचार करायचा. मिस्त्री आधी विचार करतात, आणि त्यात इतका वेळ घालवतात की काही गिऱ्हाइकं मध्येच उठून दुसरीकडे जातात. मिस्त्री त्यांना थांबवत नाहीत. त्यांचा एकच सिद्धांत आहे आणि तो ते गाडीला, घराला आणि माणसाला सारखाच लावतात: ओल दिसते तिथं भोक नसतं. शेजारच्या लेथवाल्याच्या छतातून पाणी ठिबकत होतं, तेव्हा मिस्त्री शिडी घेऊन गेले ते ठिबकणाऱ्या जागेपासून अठरा फूट लांब. भोक तिथंच सापडलं. भाचीच्या लग्नात जावयाकडचे रुसले होते मानपानावरून. मिस्त्रींनी चौकशी केली तर मूळ निघालं आठ महिन्यांपूर्वीच्या एका न परत केलेल्या जनरेटरमध्ये. दोन्हीकडचे गप्प झाले. जेवणं झाली.

"धुवायला लागंल," मिस्त्री म्हणाले.

सिलिकॉन खरवडायलाच त्यांच्या पोऱ्याला दुपार लागली. मिस्त्रींना सिलिकॉनचा भारी राग. त्याच वेळी एक तरुण आपली गाडी घेऊन आला आणि "मिस्त्री, सगळीकडनं सिलिकॉन मारून टाका की," म्हणाला. मिस्त्रींनी माझ्या इंजिनातून निघालेली सिलिकॉनची एक लांब शेवई बोटात धरून त्याच्या डोळ्यापुढं नाचवली. "बाहेर दिसती तेवढीच आत पन सुटती. आत सुटली की तेलाच्या वाटंत बसती. वरच्या हेडला तेल न्हाई गेलं की मग काय मारशील, साखर?" पोरगं गेलं. जाताना हळूच विचारत होतं, साखर कशाला.

मग रॉकेल आणि ब्रश. इंजिन उघडं झालं तेव्हा मीच थोडा लाजलो. वडिलांच्या गाडीचा खरा रंग मी कधी बघितलाच नव्हता. कोरडं झाल्यावर मिस्त्रींनी खिशातून लहान मुलांच्या पावडरीचा डबा काढला आणि इंजिनभर भुरभुरला. "रंकाळ्याला दोन वेढे मारून या. रेस करू नका, थांबू नका, कुणाला काय सांगू नका."

पावडर लावलेली बुलेट घेऊन रंकाळ्याला फिरणं ही काय चीज आहे ते त्या माणसालाच कळेल ज्याला ओळखीची तीन माणसं एकाच सिग्नलला भेटली आहेत. एकानं विचारलं, "न्हाणं झालं वाटतं?"

परत आलो. मिस्त्री मांडी घालून खाली बसले आणि टॉर्च मारून बघू लागले. पांढऱ्या पावडरीवर एक बारीक काळी रेघ उठली होती. ती चेनकेसवर दिसत होती, पण चेनकेसच्या कडेवर सुरू झालेली नव्हती. पुढून येत होती, क्रँककेसला ब्रीदर असतो तिथून. वाऱ्यानं मागे सारलेली, सगळ्या डाव्या अंगावर पसरलेली. म्हणजे पहिल्या मेकॅनिकनं ज्या नटाला आवळलं तो बिचारा निर्दोष होता. या गाडीचं चेनकेसचं झाकण मधल्या एकाच नटावर बसतं; तो जास्त आवळला तर झाकण वाकतं आणि न गळणारंही गळायला लागतं. मिस्त्री त्या नटाकडे पाहून म्हणाले, "आवळणं इलाज न्हाई मास्तर, तो राग हाय."

तरी मिस्त्री निकाल देईनात. गाडी रात्रभर तिथंच ठेवायची ठरली. फ्रिजच्या खोक्याचा एक मोठा पुठ्ठा त्यांनी खाली अंथरला, गाडी डबल स्टँडवर घेतली, चाकांच्या जागा खडूनं आखल्या, पुढं 'पु' आणि मागं 'मा' लिहिलं. सकाळी मी गेलो तेव्हा ते त्या पुठ्ठ्यावर वाकलेले होते, हातात अर्धा चहा. मला एकदम घरच्या जोशीबुवांची आठवण झाली. तेच भिवया उंचावणं, तेच "हं". फक्त इथं ग्रहांच्या जागी चार थेंब होते.

"हिच्या पोटात तीन पोटं असत्यात," मिस्त्री म्हणाले. "इंजिनाचं तेल येगळं, चेनकेसचं येगळं, गिअरबॉक्सचं येगळं. तीनी मिसळत न्हाईत. गळतंय म्हणायच्या आधी इचारायचं, कुनाचं गळतंय." त्यांनी पहिला थेंब बोटावर घेतला, दुसऱ्या बोटानं चोळला, हुंगला. गिअरबॉक्सात घालतात ते नव्वद नंबरचं तेल असतं तर गंधकाचा उग्र वास आला असता. आला नाही. दुसराही तसाच. चारही थेंब इंजिनाचे, काळे, पातळ. आणि चारही डाव्या अंगाला, एका ओळीत.

ब्रीदर म्हणजे इंजिनाचं नाक. बुलेटचा पिस्टन सत्तर मिलिमीटर रुंद आणि तो नव्वद मिलिमीटर वरखाली होतो. खाली येताना खालची ३४६ घनसेंटिमीटर हवा दाबतो. ही हवा म्हणजे साधारण दोन कप चहाएवढी. तीन हजारांच्या फेऱ्यांना हे सेकंदाला पन्नास वेळा होतं. ती हवा कुठंतरी गेलीच पाहिजे, म्हणून एक रबरी झडप असते, बदकाच्या चोचीसारखी. आतली हवा बाहेर सोडते, बाहेरची आत घेत नाही. मिस्त्रींनी ती चोच काढून माझ्या तळहातावर ठेवली. जुनी होती, कडक झाली होती, पण अजून मिटत होती.

"मग चोच ठीक आहे तर?" मी आशेनं विचारलं.

"चोच ठीक हाय. पन पोट भरल्यावर चोच काय करनार?" मिस्त्रींनी स्टूल माझ्याजवळ ओढलं. आवाज खाली आला. "मास्तर, एक सांगा. तेल कवा बगता?"

"रोज सकाळी," मी अभिमानानं म्हणालो. वडिलांचा तो उपदेश मी एकदाही चुकवला नव्हता. "किक मारायच्या आधी काडी बाहेर काढतो. जरा खाली दिसलं की थोडं घालतो."

गॅरेजमध्ये शांतता पसरली. लेथवाल्यानंसुद्धा मशीन बंद केलं, पण ते बहुधा चहासाठी असावं.

"रोज," मिस्त्री म्हणाले. "थोडं."

मग त्यांनी समजावलं. या इंजिनात तेलाची टाकी क्रँककेसमध्येच, मागच्या बाजूला. गाडी रात्रभर उभी राहिली की टाकीतलं तेल पंपातून झिरपत क्रँकच्या खड्ड्यात उतरतं. सकाळी काडीवर तेल कमी दिसतं. ते कमी नसतं, खाली झोपलेलं असतं. पाच-दहा मिनिटं इंजिन चाललं की परतीचा पंप ते उचलून टाकीत आणून ठेवतो. तो पंप तेल देणाऱ्या पंपापेक्षा मुद्दाम मोठा केलेला असतो. बघायचं तेव्हा. मी बघत होतो ते झोपलेल्या माणसाच्या ताटाकडे, आणि उपाशी आहे म्हणून रोज एक भाकरी वाढत होतो. जास्तीचं तेल जाणार कुठं? नाकातून.

मिस्त्रींनी खालचा नट काढून तेल एका डब्यात घेतलं आणि मापलं. सव्वादोन लिटर जायला हवं त्या पोटातून पावणेतीन लिटर निघालं. अर्धा लिटर निव्वळ माझी माया.

"गाडी गळत न्हाई," ते शेवटी म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात थोडी दया होती. "तुमी पाजायलाय."

नवी रबरी चोच बसली, मापात तेल गेलं, नट नीट बसले. बिल इतकं कमी झालं की मला अपमान वाटला. जास्तीचं तेल त्यांनी एका बाटलीत भरून माझ्या हातात दिलं, वर चिठ्ठी चिकटवून: 'गेटच्या बिजागरीला'. तेवढ्यात कोणीतरी रस्त्यावरून जाताना ओरडलं, "मिस्त्री, बुलेटच ती, गळणारच!" आणि मिस्त्री पाना घेऊन उठले. पोऱ्यानं त्यांना धरलं. पोऱ्याला याची सवय होती.

गाडी घरी आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी फरशी कोरडी. आईनं शर्ट उचलून धुवायला टाकला. मला चैन पडेना. हात आपोआप तेलाच्या झाकणाकडे गेला. झाकण हलेना. खाली वाकून बघितलं तर मिस्त्रींनी त्याला भोक पाडून तार ओवली होती आणि दोन्ही टोकं एका शिशाच्या गोळीत दाबून टाकली होती, विजेच्या जुन्या मीटरला असायचं तसं सील.

पक्कड शोधायला आत गेलो. टूलबॉक्समध्ये नव्हती, माळ्यावर नव्हती, स्वयंपाकघरातल्या खणातही नव्हती.

"काय शोधतोयस?" आईनं विचारलं. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की मिस्त्रींचा फोन आदल्या रात्रीच येऊन गेला होता.