दोन-सात काका

समोर सगळे त्यांना ‘सर’ म्हणतात, टपरीवर मात्र ‘दोन-सात काका’. पायथन या संगणकभाषेची 2.7 आवृत्ती 2010 मध्ये आली आणि काकांनी तिथेच बिऱ्हाड थाटलं. पायथन 3 त्याच्याही आधी, डिसेंबर 2008 मध्येच आलं होतं. पण काकांच्या लेखी ते अजून ‘नवं खूळ’. जुन्याला 2015 मध्ये निरोप द्यायचं ठरलं होतं, मग 2020 पर्यंत मुदत वाढली. ती आपल्याच हट्टामुळे, अशी काकांची समजूत.

‘‘प्रिंटला कंस कशाला? इतकी वर्षं बिनकंसाचं छापत नव्हतं का?’’ हा त्यांचा ठेवणीतला सवाल. इथे मी काकांच्या बाजूचा. कंसापायी लोकांचे चालते प्रोग्रॅम अडावेत, हे मलाही अतीच वाटतं.

पण काका त्यांच्या सोसायटीचे खजिनदारही आहेत. टँकरचं बिल 2,501 रुपये, विंगा दोन. पायथन 2 पूर्णांकाला पूर्णांकाने भागून बेधडक 1,250 सांगतं. वरचे आठ आणे गडप. एक शब्द तक्रारीचा नाही! दर वेळी कमी पडणारा रुपया काका स्वतःच्या खिशातून घालतात आणि त्याला ‘राउंडिंग’ म्हणतात.

पावत्यांची तऱ्हा आणखी न्यारी. नाव वीस अक्षरांत बसवायचं, एवढाच हुकूम. पण जुन्या पायथनची साधी स्ट्रिंग अक्षरं मोजत नाही, बाइट मोजते. आणि युटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मग तो नुसता काना का असेना, तीन बाइट खातं. ‘देशपांडे’ म्हणजे 24 बाइट. विसाव्यावर कात्री.

‘‘अहो, माझा ‘डे’ कुठे गेला?’’ बी विंगचे देशपांडे पावती नाचवत आले. त्यावर ‘देशपां’ आणि पुढे काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह.

‘‘पेनाने लिहा की!’’ काका म्हणाले. ‘‘कुलकर्ण्यांनी नाही का लिहिलं?’’

असा मुकाट खोटेपणा घालवण्यासाठी भाषा मोडली, तर मला तिचा राग येत नाही. पायथन 3 ने भागाकार सुधारला, मजकूर आणि बाइट वेगळे केले. काका मात्र यावर अवाक्षर काढत नाहीत. भांडण कंसाशी.

परवा मुलाने नवा लॅपटॉप दिला. त्यात 2.7 नव्हतंच. काकांनी सवयीने बिनकंसाचं प्रिंट ठोकलं. पडद्यावर उत्तर उमटलं: कंस राहिला, तुम्हाला कंसातलं प्रिंट म्हणायचंय का?

काका क्षणभर बघत राहिले.

‘‘कळलंय ना मेल्या तुला? मग घाल की तूच!’’