हवेचा रोध नगण्य मानून

दहावीच्या भूमितीत वादळ आलं की झाड बरोबर एका जागी मोडतं. मोडलेला भाग खोडाला धरून राहतो, शेंडा सपाट जमिनीवर टेकतो आणि जमिनीशी ६० अंशांचा कोन करतो. विजेची तार तुटत नाही, पंचनाम्याला तलाठी येत नाही. कोणीतरी टेप घेऊन बुंध्यापासून शेंड्यापर्यंतचं अंतर तेवढं मोजतं. उंची विद्यार्थ्यासाठी राखून ठेवतं. विज्ञानाच्या पेपरातही तीच तऱ्हा. पृष्ठभाग गुळगुळीत, दोरी बिनवजनाची, गाडीचा वेग एकसमान. जालन्याहून राजूरमार्गे भोकरदनला येणाऱ्या एसटीनं एकसमान वेग पाळायचा म्हटलं, तर राजूरच्या गणपतीची अंगारकी कोणत्या सूत्रात बसवायची? तेव्हा ‘या गणितांचा जगण्याशी संबंध काय?’ हा आक्षेप अगदीच बिनबुडाचा म्हणता येत नाही. पण तो घेणारे लोक गणित अर्ध्यावर सोडून उठलेले असतात.

मुळात ही थापेबाजी बोर्डानं सुरू केलेली नाही. अजिंठ्याचा डोंगर उतरून पलीकडे गेलं की चाळीसगावजवळ पाटण लागतं. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं तिथं मठ काढला, असं तिथला शिलालेख सांगतो. त्या भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’त ३२ हातांचा वेळू वाऱ्यानं मोडतो आणि शेंडा बुडापासून १६ हातांवर टेकतो. मोडला कुठे? १२ हातांवर. खरा वेळू वाकतो, चिरफळतो. आचार्यांनी त्याला तशी मुभा दिली नाही. दुसऱ्या उदाहरणात ९ हातांच्या खांबावर मोर बसलेला आहे आणि खांबाच्या बुडाशी असलेल्या बिळाकडे २७ हातांवरून साप निघाला आहे. मोर तिरपा झेपावतो, दोघं सारखंच अंतर कापतात आणि बिळापासून १२ हातांवर सापाचा निकाल लागतो. साप वाट बदलत नाही, घाई करत नाही; कर्ण चुकू नये म्हणून सरळ मरणाकडे जातो. आता ग्रहांची गती मोजणाऱ्या माणसाला साप कसा पळतो हे ठाऊक नसेल काय? ठाऊक होतं, आणि ते सोडून दिल्याशिवाय गणित उभं राहत नाही हेही ठाऊक होतं.

मात्र हे सोडून देणं फुकटात होत नाही. मराठवाड्यात विहिरीची खोली परसात सांगतात. शाळेतलं पोर ती दगड टाकून काढतं. दोन सेकंदांनी आवाज आला, हवेचा रोध नगण्य मानला, की अर्धा गुणिले ९.८ गुणिले दोनाचा वर्ग, म्हणजे १९.६ मीटर. पण आवाजालाही वर यायला वेळ लागतो. त्याचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरून हिशेब पुन्हा केला, तर खोली साडेअठरा मीटरच्या आसपास भरते. आवाजाकडे काणाडोळा करण्याची किंमत साधारण एक मीटर! पाइप आणायचा असेल तर मीटरभर जास्त आलेला खपून जातो. खोदणाऱ्याला मीटरवर पैसे मोजायचे असतील तर खपत नाही. (उन्हाळ्यात ‘डुबुक’ऐवजी ‘ठक’ ऐकू आलं तर गणित तेच राहतं, घरच्यांचं तोंड तेवढं बदलतं.) काय सोडलं आणि त्यानं किती बिघडलं हे सांगता येणं, ही या गणितांची खरी कमाई. लग्नाच्या खर्चाची यादी करतानाही माणसं हॉल आणि सोनं धरून बाकी ‘किरकोळ’ म्हणून सोडतात. फक्त किरकोळाची किंमत आधी काढत नाहीत, म्हणून ती नंतर व्याजासकट निघते.

यावर दुसरा आक्षेप येतो, आणि तो जड आहे: पोरं सोडवतात कुठे, पाठ करतात. पक्ष, साध्य, सिद्धता सगळं तोंडपाठ. पण एबीसीच्या जागी पीक्यूआर त्रिकोण आला की परक्या गावात उतरल्यासारखा चेहरा होतो. खरं आहे. पण त्याचं कारण असं की नगण्य काय मानायचं हे पुस्तकानंच ठरवून दिलेलं असतं. पोराला निवडायला काही उरतच नाही. १९७१ साली अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटनं चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडलं, दोन्ही बरोबर खाली पडली. तिथं ‘हवेचा रोध नगण्य माना’ ही ओळ छापायची गरजच नाही. इथं ती लागते, तर ती विद्यार्थ्याला लिहू द्यावी आणि उत्तराखाली एक प्रश्न घालावा: काय सोडलंत, त्यानं साधारण किती चुकलं? गुण १. पुढच्याच जूनमध्ये बाजारात ‘नगण्य गोष्टींची अपेक्षित यादी’ येईल आणि पोरं तीही घोकतील, ही भीती रास्त आहे. तरी घोकता घोकता आवाजाला वेळ लागतो एवढं डोक्यात शिरेल. एका गुणात याहून जास्त मागणं म्हणजे बोर्डावर अन्याय होईल.