पॅक करायला हवं होतं

दिवाळीत भवानी पेठेत लक्ष्मीपूजन आटोपलं, फराळाच्या बशा बाजूला सरकल्या, की सतरंजी पडते आणि तीनपानी सुरू होते. बूट एक रुपया. हरणारे पानांना शिव्या घालतात, जिंकणारे अक्कल मिरवतात. या दोन्हींत न बसणारा एक गृहस्थ मात्र प्रत्येक बैठकीला असतोच. त्याला आपण अण्णा म्हणू. अण्णा डाव संपला की लिहून घेतात.

वही म्हणजे टॉवेल कारखान्याचं जुनं बिलबुक. लिहायचं कोऱ्या पाठीवर, शेंगाचटणीचे डाग टाळून. हातात काय होतं, ब्लाइंड किती खेळलो, पानं कधी उचलली, शो कुणी मागितला, सगळं. उभी नोकरी चादरी तपासण्यात गेली. तुटका धागा सापडल्याशिवाय ज्याला जेवण गोड लागलं नाही, तो रिटायर झाल्यावर स्वतःलाच उजेडात धरणार! ‘बदाम राजा, किलवर राजा, इस्पिक सत्ती. चार चाली. हरलो. खेळ बरोबर.’ अशा नोंदीनंतर अण्णा दोन चिरोटे जास्त खातात.

पंचाईत होते ती जिंकल्यावर. एकदा रंगाचा पत्ता नसलेल्या गुलाम-नव्वी-चौकीवर बावीस रुपये आले, तर अण्णा तोंड पाडून बसले.

“पॅक करायला हवं होतं.”

“अहो, पैसे आले की!” वहिनी म्हणाल्या.

“पैसे आले गं. खेळ चुकला.”

वहिनींनी ते बावीस रुपये उचलून दुधाच्या हिशेबात टाकले. चुकलेल्या खेळाचं दूध नासत नाही, हे त्यांना ठाऊक आहे.

तीन पानांचे हात एकूण 22,100. त्यांत ट्रेल 52, जोड्या 3,744, आणि चारातल्या जवळजवळ तीन वेळा हाती धुपाटणं, हे अण्णांना पाढ्यांसारखं पाठ. म्हणूनच त्यांचा सर्वोच्च न्यायालयावर राग आहे. 1967 सालच्या निकालात न्यायालयाने रमीला कौशल्याचा मान दिला आणि तीनपानीला निव्वळ नशिबाच्या खात्यात टाकलं. “माझी वही कुणी मागितलीच नाही,” असं अण्णा आजही म्हणतात. रमीवाल्यांशी ते जरा तुटकच बोलतात.

मग एका पावसाळ्यात वही चाळताना धागा सापडला. सगळा तोटा एकाच माणसापुढे! दाजींनी चाल वाढवली की अण्णा काहीही हातात धरून अडून बसत. बहिणीच्या लग्नातलं रुसणं अजून वसूल व्हायचं होतं. शेऱ्यात त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, ‘पानं नव्हती. दाजी होते.’ खाली लाल शाईत नियम: ‘दाजींपुढे राजाच्या जोडीखाली पॅक.’

त्या दिवाळीत दाजी दर डावाला चाल वाढवत गेले आणि अण्णा पानं टाकत गेले. एकदा राणीची जोडीसुद्धा टाकली, तीही तत्त्वाला धरून, मान ताठ ठेवून. शेवटच्या डावाचे पैसे ओढताना दाजींनी आपली पानं उलटी केली. सत्ती, पंजी, तिर्री. तीन रंगांची.

“अण्णा,” बहीण आतून म्हणाली, “दुपारभर हे तुझीच वही वाचत लोळले होते की.”

सतरंजीवर हशा उसळला. अण्णा चिडले नाहीत. बिलबुक पुढे ओढून त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

“दाजी, कितव्या पानापर्यंत वाचलंत? लिहून ठेवतो.”