साडेपाचचा हिशेब

बीडच्या रेल्वेचा वेग किती, यावर टपरीवर वाद घालू नका; तो कागदावर काढता येतो. नगर–बीड–परळी मार्ग 1995 साली मंजूर झाला, एकूण 261 किलोमीटर. बीडला प्रवासी गाडी आली 17 सप्टेंबर 2025 ला. म्हणजे 30 वर्षांत 166 किलोमीटर, वर्षाला साडेपाच. आणि बीडहून नगरला पोहोचायला सुरुवातीच्या वेळापत्रकात वेळ किती दिला? साधारण साडेपाच तास! रेल्वेखातं आकड्याला जागतं, हे मान्य करायला हवं. दरम्यान नगरचं अहिल्यानगर झालं, 353 कोटींचा खर्च 4,805 कोटींवर गेला. तेवढीच काय ती एक्स्प्रेस. परळीपर्यंतचे उरलेले 95 किलोमीटर याच चालीनं सतरा वर्षांत उरकतील. आज पहिलीत असलेलं पोरगं नोकरीच्या मुलाखतीला त्या गाडीनं जाऊ शकेल, वेळेआधी निघालं तर.

असो. रेल्वे आली, पेढे वाटले, आम्हीही खाल्ले. पण धारूर, पाटोदा, वडवणीच्या माणसाला रोज दवाखाना, कोर्ट, कॉलेज गाठायचं असतं ते एसटीनं. इथं नवीन काही मंजूर करायचं नाही. आहे ती गाडी वेळेवर सुटावी, एवढंच मागणं. म्हणूनच ते अवघड.

मुक्कामी गाडीचंच घ्या. संध्याकाळी तालुक्याहून निघायची, रात्री गावात थांबायची, पहाटे परत फिरायची. चालक-वाहक देवळात नाहीतर शाळेच्या ओट्यावर पडायचे. कुणीतरी भाकरी-कालवण आणून द्यायचं. दूधवाला, दवाखान्याचा पेशंट, कोर्टाच्या तारखेला निघालेले भाऊबंद (एकाच बांधावरून भांडणारे, एकाच बाकावर बसून) सगळे त्या गाडीवर अवलंबून. ती बंद झाली की सगळ्यात आधी घरी बसते दहावीतली पोरगी. तिच्या दप्तरात अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास असतो. पास चालू आहे, गाडी बंद.

सवलतींत आपण मागे नाही. 26 ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट, 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. दोन्ही चांगलंच झालं. फक्त गर्दी वाढली की गाड्याही वाढवाव्या लागतात, हे लिहायचं राहून गेलं असावं. त्यामुळे अर्ध्या तिकिटात पूर्ण उभं राहण्याची सोय झाली.

गाडी वेळेवर सुटायला लागतं काय? आगारात चार जादा गाड्या, सुटे भाग, पुरेसे मेकॅनिक, आजारी चालकाच्या जागी दुसरा चालक. यातल्या कशालाच हिरवी झेंडी दाखवता येत नाही. गिअरबॉक्स बदलला म्हणून फीत कापलेली कुणी पाहिलीय? बॅनरवर ऑइलनं माखलेल्या मेकॅनिकशेजारी साहेबांचा फोटो शोभतही नाही. नव्या गाडीला मात्र हार-नारळ. मग तीच गाडी कधी सभेला जाते, कधी मेळाव्याला, कधी निवडणुकीच्या कामाला, तर कधी लग्नाचं वऱ्हाड घेऊन प्रासंगिक करारावर. आषाढीला पंढरपूरला गेली तर निदान पुण्य तरी लागतं. गावची फेरी रद्द होते आणि ते गावाला कळतं गाडी आली नाही तेव्हा.

अशा वेळी खरी विश्वासाची काळी-पिवळी जीप. 2021 च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला एसटीचा संप पुढच्या एप्रिलपर्यंत चालला, तेव्हा खेड्यापाड्यांना तिनंच तारलं. तिचं वेळापत्रक एका ओळीचं: भरली की निघणार. “दोन शीट कमी आहेत,” असं ड्रायव्हर तासभर सांगतो, पण खोटं बोलत नाही. त्याच्या लेखी गाडी कधीच भरलेली नसते. नियमात बसत नाही म्हणून तिला नावं ठेवणाऱ्यांनी रात्री आठ वाजता फाट्यावर उभं राहून बघावं.

माझी सूचना स्वस्तातली आहे. प्रत्येक बसस्थानकात एक फळा लावा. आज ठरलेल्या फेऱ्या इतक्या, सुटलेल्या इतक्या, रद्द इतक्या, कारण अमुक. खाली रोज आगारप्रमुखांची सही. फळ्याचं अनावरण पालकमंत्र्यांच्या हस्ते करायलाही आमची ना नाही. फक्त कार्यक्रमाला माणसं आणायला एसटी लावू नका. त्या दिवशीच्या रद्द फेऱ्या फळ्यावर मावायच्या नाहीत.