भाडं किती घेता?

मागे उघडा हौदा असलेली गाडी मंडईपाशी उभी केली, की थोड्या वेळात कोणीतरी येऊन विचारतंच, "मार्केट यार्डापर्यंत काय घ्याल?" गाडी तीस लाखांची आहे, आत चामड्याच्या सीट आहेत, नंबरप्लेट पिवळी नसून पांढरी आहे, हे विचारणाऱ्याच्या गावीही नसतं. त्याला हौदा दिसतो, आणि तो रिकामा दिसतो. रिकामा हौदा बघून ज्याचा जीव हळहळत नाही, तो माणूस मराठी नव्हे.

हे ठाऊक असूनही कोथरूडमधल्या एका गृहस्थांनी घरची एकुलती एक गाडी म्हणून पिकअप घ्यायचं मनावर घेतलं. घरात पाच माणसं. ते स्वतः, बायको, आई, दहावीतला मुलगा आणि चौथीतली मुलगी. दापोलीकडे वडिलोपार्जित घर आणि हापूसची थोडी कलमं. गृहस्थांचा हिशेब असा, की एरवी शाळा, ऑफिस आणि भाजी, एप्रिल-मेमध्ये आंबे, पावसाळ्याआधी घराच्या डागडुजीसाठी पत्रे आणि सिमेंटची पोती. सगळं एकाच गाडीत. बायकोचा हिशेब त्याहून सुटसुटीत होता. "आंबे एसटीनेही येतात," ती म्हणाली.

असा बेत करणाऱ्याला आपल्या देशात निवडीचा फारसा ताप नाही. थायलंडमध्ये किंवा ऑस्ट्रेलियात पिकअप ही घरोघरची गाडी, तिथे माणूस रंग ठरवता ठरवता दमतो. आपल्याकडे स्कॉर्पिओ गेटवे आली आणि गेली, टाटा झेनॉन आली आणि गेली. पाच माणसं नीट बसतील आणि मागे हौदाही असेल अशा मधल्या आकाराच्या गाड्यांत नाव घेण्याजोग्या दोनच उरल्या. एक इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस, दुसरी टोयोटाची हायलक्स. व्ही-क्रॉस 2016 साली आंध्रातल्या श्रीसिटीच्या कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा तिची किंमत 12.49 लाखांपासून सुरू होत होती. हायलक्स 2022 साली आली ती थेट 33.99 लाखांपासून. तेव्हा व्ही-क्रॉसवाल्यांना आपण किती काटकसरी आहोत याचा साक्षात्कार झाला. पुढे व्ही-क्रॉसनेही वीस लाखांचा टप्पा मागे टाकला आणि तो आनंदही ओसरला.

खरं तर पिकअप आणि कुटुंब यांची सोयरीक पुणे परिसराला जुनी आहे. टेल्कोने 1988 साली टाटामोबाईल हा पिकअप काढला. त्याच सांगाड्यावर 1991 साली सिएरा उभी राहिली, मग इस्टेट, मग सुमो. म्हणजे एका अख्ख्या पिढीने ज्या गाड्यांतून लग्नं गाठली, त्या मुळात हौद्यावर छप्पर घालून झालेल्या. इंजिनिअर मंडळींनी एवढा खटाटोप करून हौद्याच्या जागी माणसं बसवली, आणि आता हे गृहस्थ माणसांच्या जागी पुन्हा हौदा आणायला निघाले होते.

घरात तुलना सुरू झाली ती मुलाच्या तोंडून. दहावीच्या वर्षात त्याला ज्या गोष्टी पाठ होत्या, त्यांतला बराचसा भाग असा: हायलक्सचं इंजिन 2.8 लिटरचं, ताकद 204 पीएस, ऑटोमॅटिकला टॉर्क 500 न्यूटन मीटर, मॅन्युअलला 420. व्ही-क्रॉसचं इंजिन 1.9 लिटरचं, 163 पीएस, 360 न्यूटन मीटर. हायलक्सला 7 एअरबॅग, व्ही-क्रॉसच्या वरच्या मॉडेलला 6. हायलक्स सरसकट फोर व्हील ड्राइव्ह, व्ही-क्रॉसमध्ये टू व्हीलही मिळते. बायकोने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "इसुझू म्हणजे शाळेच्या बसवर लिहिलेलं असतं तेच ना?"

प्रश्न वर्मी लागला, कारण तो बरोबर होता. एसएमएल इसुझूच्या बसमधून मुलगी रोज शाळेत जात होती. त्याआधीही हे नाव इकडे अनोळखी नव्हतं. हिंदी सिनेमातले खलनायक ज्या काँटेसातून उतरायचे, तिला पुढे इसुझूचं 1.8 लिटर इंजिन बसलं. अँबॅसिडरलाही बसलं. पण गृहस्थांना काँटेसा सांगता येईना, कारण आईला त्यात फक्त खलनायक आठवला असता.

हायलक्सच्या बाजूने मुलाने हुकमाचं पान काढलं. 2003 साली ब्रिटनमधल्या 'टॉप गिअर' या कार्यक्रमाने एक जुनी हायलक्स घेतली. तिला समुद्राच्या भरतीत सोडून दिलं, तिच्यावर लोखंडी गोळा आदळला, तिला आग लावली आणि शेवटी पाडायला काढलेल्या उंच इमारतीच्या गच्चीवर ठेवून खालची इमारत सुरुंगाने उडवली. ढिगाऱ्यातून काढल्यावर साध्या हत्यारांनी थोडी खटपट केली आणि ती चालू झाली. एवढंच नाही, 1987 साली चाडच्या सैन्याने लीबियाच्या रणगाड्यांना टोयोटाच्या पिकअपवर स्वार होऊन पळवून लावलं, तेव्हापासून त्या लढाईचं नावच 'टोयोटा वॉर' पडलं.

आईने पोथी मिटून विचारलं, "आपल्याला बुडवायची आहे का पाडायची आहे रे?"

गाडीच्या कागदांवर नसलेली परीक्षा आईनेच घेतली. दोन्ही गाड्या बघायला ती सोबत गेली. एक पाय बाजूच्या पायरीवर, एक हात खांबाच्या दांडीवर, तोंडाने 'श्रीराम' आणि मागून सुनेचा हात. दोन्ही गाड्यांत चढणं तितकंच अवघड, उतरणं त्याहून. आत बसल्यावर तिने पाठ टेकली आणि लगेच सरळ केली, कारण मागच्या सीटची पाठ मुळात सरळच होती. पिकअपमध्ये हे असंच असतं. सीटच्या मागे केबिनची भिंत आणि भिंतीमागे हौदा, तेव्हा पाठ मागे कलवायला जागा कुठून आणणार? पुण्याहून दापोलीपर्यंत या सीटवर बसणारी व्यक्ती प्रवासभर मुलाखत देत असल्यासारखी दिसते. त्यातल्या त्यात व्ही-क्रॉसची सीट आईला बरी वाटली. हायलक्सच्या सीटवर मुलीला झोप लागली. चौथीतली मुलं कुठेही झोपतात, त्यामुळे हे मत बाद धरण्यात आलं.

मग रस्ता. दोन्ही गाड्यांना मागे पाटे आहेत, मालाच्या गाडीला असतात तसेच. पाट्यांची मुळात बांधणीच ओझ्यासाठी. मागे वजन नसेल तर ते दबत नाहीत आणि गतिरोधकावर मागची मंडळी वर उडतात. रिकामी गाडी उडते आणि भरली की शहाण्यासारखी चालते, हा अनुभव दोन्हीकडे आला. व्ही-क्रॉस थोडी मऊ, हायलक्स थोडी आडदांड, फरक एवढाच. दोन्हीकडच्या विक्रेत्यांनी तोच उपाय सांगितला, मागे थोडं वजन ठेवा. "मग तांदळाची दोन पोती कायमची ठेवू या," आई म्हणाली. हा सल्ला ऐकायला विनोदी असला तरी तंत्राच्या दृष्टीने त्यात काहीही चूक नाही.

इथवर चुरस होती. खरी तुलना घडली ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मेजरिंग टेप घेऊन.

आपल्याकडच्या बांधकाम नियमावलीत चारचाकीची जागा साधारणपणे अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब धरतात. स्विफ्ट 3.86 मीटरची, ती तिथे ऐसपैस बसते आणि पुढे मुलांच्या सायकलीही राहतात. व्ही-क्रॉस 5,295 मिलिमीटर. हायलक्स 5,325. म्हणजे एक गाडी जागेबाहेर जेमतेम फूटभर येणार आणि दुसरी फुटाहून बोटभर जास्त. टेपचं एक टोक गृहस्थांनी खांबाला धरलं, दुसरं वॉचमनकाकांनी. पाच मीटरच्या खुणेवर मुलीने खडूने रेघ मारली, मग रेघेपलीकडे तीनशे मिलिमीटरवर दुसरी. दुसरी रेघ बरोबर त्या वाटेत आली जिथून सेक्रेटरी रोज सकाळी स्कूटर काढतात. सेक्रेटरी स्वतःच तिथे येऊन उभे राहिले. रेघेकडे पाहिलं, टेपकडे पाहिलं. "तुम्ही ट्रक घेताय असं ऐकलं," ते म्हणाले.

"ट्रक नाही हो, पिकअप."

"मग कमर्शिअल वाहनाला सोसायटीत मनाई आहे. नियम आहे."

पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी खाजगीच असते, तिला मनाई लागू होत नाही, हे गृहस्थांनी शांतपणे समजावलं. सेक्रेटरींनी ते तितक्याच शांतपणे ऐकलं आणि विषय पुढच्या सभेत घेऊ म्हणाले. हा पेच एका सोसायटीपुरता नाही. टोलनाक्यावरही मोटारीचा दर वेगळा आणि छोट्या मालवाहू गाडीचा वेगळा. हौदा दिसला की नाक्यावरचा मुलगा गोंधळतो आणि पिकअपवाल्याला काच खाली करून आपण कोणत्या वर्गात मोडतो हे सिद्ध करावं लागतं. कर्वे रोडवर यू-टर्न घ्यायचा म्हटलं तरी तीच कथा. दोन्ही गाड्यांना वळायला सहा मीटरच्या वर त्रिज्या लागते. त्यामुळे गाडी एकदा पुढे, एकदा मागे, मग पुन्हा पुढे. तेवढ्यात मागचे सगळे आपापल्या परीने मार्गदर्शन करतात.

शेवटी व्ही-क्रॉस आली. टेपवरचा बोटभर फरक, किमतीतला त्याहून बराच मोठा फरक आणि आईची पाठ, अशी कारणं. मुलगा आठवडाभर रुसला.

आता खुद्द हौद्याविषयी, कारण ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो घरगुती वापरात कसा वागतो हे कोणत्याही जाहिरातीत नसतं. हौदा साधारण दीड मीटर लांब आणि गुळगुळीत. मंडईतून आणलेली पिशवी त्यात ठेवली की पहिल्या वळणाला ती आडवी होते, दुसऱ्याला टोमॅटो बाहेर येतात आणि घरापर्यंत पोचेतो कोबी या टोकापासून त्या टोकापर्यंत गडगडत असतो. घरी पोचल्यावर नेमकं लिंबू केबिनच्या भिंतीला टेकलेलं असतं, जिथे हात पुरत नाही. फाळका पाडून हौद्यात चढावं लागतं, तेही ऑफिसच्या कपड्यांत. दप्तरं मागे टाकली तर धूळ, पावसाळ्यात पाणी, सिग्नलला चोराची धास्ती. यावर उपाय म्हणजे वरून घडीचं झाकण किंवा पूर्ण कॅनोपी. त्याचे पैसे वेगळे, आणि कॅनोपी बसवली की पत्रे आत जात नाहीत. ताडपत्री स्वस्त पडते, पण ती बांधायला एक माणूस आणि सोडायला त्याच्यापेक्षा हुशार माणूस लागतो.

परिणामी या घरात भाजी आईच्या मांडीवर येते, दप्तरं पायाशी येतात, पाण्याच्या बाटल्या दारात खोचलेल्या असतात आणि मागचा हौदा एखाद्या राखीव मैदानासारखा मोकळा धावतो. मुलांचा एकच हट्ट, की आम्ही मागे बसतो. तो कायद्याने मोडीत निघतो. मालाच्या जागेत माणसं बसवता येत नाहीत, आणि बसवू नयेत हे समजायला कायदाही लागू नये.

हौदा भरतो तो दुसऱ्यांच्या सामानाने. गाडी आल्यापासून नात्यात आणि बिल्डिंगमध्ये कोणाचा फ्रीज हलला, कोणाचं पोर होस्टेलला गेलं, कोणाच्या सोफ्याला नवं कापड लावायचं ठरलं, हे सगळं या कुटुंबाला आधी कळतं. मावसभाऊ फोन करतो तो "दादा, तुझी ती गाडी रविवारी आहे ना?" असाच. सगळ्यात मोठा विजय भाद्रपदात झाला. सोसायटीचा गणपती आणायला गाडी हवी होती, आणि विनंती करायला सेक्रेटरी स्वतः आले. मूर्ती हौद्यात बसली, खाली गवताचा थर, दोन्ही बाजूंना झेंडूच्या माळा. गतिरोधकावर गाडी हलली नाही, कारण वजन होतं. पार्किंगमधली खडूची रेघ त्या दिवशी रांगोळीखाली गेली. पुढच्या सभेत तो विषय निघाला नाही.

आंब्याच्या हंगामात मात्र गाडीने पैसे फेडले. दापोलीहून पेट्या भरल्या, वर ओल्या गोणपाटाचा पडदा, त्यावर ताडपत्री, आणि ताम्हिणीच्या वळणांवर ती अशी चालली की आईने पहिल्यांदा पाठ टेकली. घाटातल्या चढावर 1.9 लिटरचं इंजिन कमी पडतं का, हा मुलाचा प्रश्न होता. पाच माणसं आणि भरलेला हौदा घेऊन ते चढलं. हायलक्स जास्त झपाट्याने चढली असती, पण आंब्यांना तशी घाई नव्हती. मालाच्या हिशेबाने पाहिलं, तर पाऊण टन वाहणारा 3.8 मीटरचा छोटा हत्ती या दोघींपेक्षा कागदोपत्री जास्त ओझं नेतो आणि कमी जागेत उभा राहतो. फक्त त्यात आई, सून आणि दोन मुलं बसत नाहीत.

तेव्हा वाचकांपैकी कोणी या दोघींत निवड करत असेल, तर ज्यांची वाट खरोखर चिखलातून किंवा ओढ्यातून जाते आणि खिशात पाच-दहा लाख जास्तीचे आहेत, त्यांनी हायलक्स घ्यावी. चारही चाकांना ओढ आणि मागच्या डिफरन्शियलला लॉक या गोष्टी तिथे कामाला येतात. बाग आहे, घरात वडीलधारं माणूस आहे आणि रस्ता बहुतेक डांबरी आहे, त्यांना व्ही-क्रॉस पुरे. ज्यांची बागही नाही आणि फ्रीज हलवणारे नातेवाईक मात्र भरपूर आहेत, त्यांनी दोन्ही घेऊ नयेत. इनोव्हा क्रिस्टा हायलक्सच्याच घराण्यातली आहे, तिला हौदा नाही, आणि 4,735 मिलिमीटर लांबीची ती पाच मीटरच्या पार्किंगमध्ये सरळ बसते.